कुपनावरचे सहभोजन

‘अन्नाला जात नसते’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत आमच्या कानांवर इतक्या वेळा पडले आहे, की त्याचा उगम शोधण्यापेक्षा ते कोण, कुठे आणि कशासाठी उच्चारतो हे पाहणेच अधिक उद्बोधक ठरावे. दिवाळी सरली, हवेत थोडा गारवा आला, की मुंबई-ठाण्याच्या आणि पुण्याच्या वस्त्यांमधून मालवणी महोत्सव, आगरी महोत्सव, खानदेश महोत्सव, खाद्यजत्रा अशा नावांचे फलक झळकू लागतात. मैदानाच्या कमानीवर लोकप्रतिनिधींची छायाचित्रे, आत कोंबडीवडे आणि सोलकढी, वांग्याचे भरीत आणि पुरणाचे मांडे, पलीकडे आकाशपाळणा, आणि व्यासपीठावरून निवेदकाचे ते वाक्य. त्याला लागूनच दुसरे वाक्य येते : ‘आपली खाद्यसंस्कृती आपणच जपली पाहिजे.’ ही दोन्ही वाक्ये एकाच दमात उच्चारली जातात, आणि त्यांचे एकमेकांशी पटत नाही हे कोणाला खटकत नाही. अन्नाला जात नसेल, तर जपायची ती ‘आपली’ संस्कृती नेमकी कोणाची?

मोठ्या मैदानांवरचे हे महोत्सव आणि त्यांचीच धाकटी भावंडे, म्हणजे गृहसंस्थांच्या आवारातले आनंदमेळे, शाळांच्या पटांगणातले खाऊचे ठेले, कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा पूरग्रस्तांसाठी ‘निधिसंकलनार्थ’ मांडलेली मिसळ-पावभाजीची टेबले, या सर्वांविषयी आमचे काही म्हणणे आहे. तिथे खाणाऱ्यांविषयी आमची तक्रार नाही. (गरम वड्याचा तुकडा मोडून रश्शात बुडवण्याच्या सुखाला आम्हीही पारखे झालेलो नाही.) आक्षेप आहे तो या प्रकारांना ‘सामाजिक एकोपा’, ‘सहभोजन’, ‘लोकसहभाग’ अशी भारदस्त नावे देण्यावर. मराठी समाजाच्या इतिहासात या शब्दांची किंमत माणसांनी मोजलेली आहे. ते शब्द आता चाळीस रुपयांच्या कुपनावर छापून मिळतात.

आधी पैशांचे पाहू, कारण ‘निधी’ हा शब्द या पत्रकांवर ठळक असतो. आपल्या नागर जीवनात सार्वजनिक कामासाठी पैसा जमवण्याची रूढ पद्धत म्हणजे वर्गणी. वर्गणीविषयी भाबडे होण्याचे कारण नाही. अनेक ठिकाणी तिची खंडणी झाली, दुकानदारांना धमकावून पावत्या फाडल्या गेल्या, हे सर्वश्रुत आहे. तरीही वर्गणी या कल्पनेत एक बीज आहे, ते म्हणजे देणाऱ्याचा हक्क. ज्याने चार आणे दिले, तो मंडळाच्या सभेत उभा राहून चार आण्यांचा हिशेब मागू शकतो. कायद्यानेही हे मानले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ‘४१ क’ कलमाखाली मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि मागाहून हिशेब सादर करावा लागतो.

हा हक्क किती दूरवर जाऊ शकतो, याचे उदाहरण दादरचेच आहे. १९२६ साली तिथल्या सार्वजनिक गणेशोत्सवात वाद उद्भवला. उत्सव सार्वजनिक, वर्गणी सर्वांकडून घेतलेली, मग अस्पृश्यांना पूजेचा अधिकार का नाही, असा तो प्रश्न होता. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर या वादात प्रत्यक्ष उतरले होते. त्या मांडवात त्या दिवशी जे घडले त्याचा तपशील ‘माझी जीवनगाथा’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की वर्गणीच्या पावतीवरून थेट गाभाऱ्यापर्यंतचा युक्तिवाद उभा राहिला. लालबागचेही तसेच. आज ज्या गणपतीपुढे रात्रंदिवस रांगा लागतात, त्याची स्थापना १९३४ साली झाली ती बाजाराच्या जागेपायी. पेरू चाळीतला बाजार १९३२ साली बंद झाला, कोळणी आणि लहान व्यापारी उघड्यावर आले, कायमच्या बाजारपेठेसाठी नवस बोलला गेला, जागा मिळाली आणि गणपती बसला. म्हणजे या उत्सवाच्या मुळाशी मासळीची टोपली घेऊन उन्हात बसलेली बाई आहे. वस्तीचे अन्न आणि वस्तीचा निधी यांचा संबंध एके काळी असा, पोटाशी आणि जागेशी भिडणारा होता.

कुपनाने हा संबंध तोडला. कुपन घेणारा मनुष्य गिऱ्हाईक असतो. त्याने पैसे दिले, त्याला पाव मिळाला, व्यवहार पुरा झाला. ‘अमुक बालकाच्या उपचारार्थ’ असा फलक वर असला, तरी भाजी आंबट होती की तिखट, एवढेच विचारण्याचा त्याला अधिकार उरतो. उपचाराला किती गेले, मांडवाला किती, ध्वनिक्षेपकाला किती, हे तो विचारत नाही. विचारावेसे त्याला वाटतही नाही, कारण त्याच्या पैशाचा मोबदला त्याच्या पोटात गेलेला असतो. देणे आणि विकत घेणे यांची अशी सरमिसळ केली, की दानाचे समाधान फुकटात मिळते आणि हिशेबाची जबाबदारी कोणावरच राहत नाही. प्रायोजकाची गोष्ट निराळी आहे. त्याला कमानीवर जागा मिळते, व्यासपीठावर खुर्ची मिळते, आणि पुढच्या वर्षी मैदान कोणाला मिळावे याविषयी बोलण्याचा अधिकारही मिळतो. वर्गणीदाराचा हक्क असा दोघांत वाटला गेला : गिऱ्हाइकाला चव आणि प्रायोजकाला सत्ता.

पण पैशांचा मुद्दा आम्ही लहान मानतो. मोठा मुद्दा हाताचा आहे.

मराठी समाजात ‘कोणासोबत जेवावे’ यापेक्षाही ‘कोणाच्या हातचे खावे’ हा प्रश्न अधिक जहाल राहिलेला आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांवरून जे ग्रामण्य झाले, त्यात चहा हे निमित्त होते. तो मिशनऱ्यांच्या घरचा होता, हे खरे दुखणे. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि सारे शहर ढवळून निघाले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले; टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. एका पेल्याने एवढे होऊ शकत होते. म्हणूनच कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले आणि स्वतः लवाजम्यासह तिथे जाऊन चहा घेतला, तेव्हा त्या कृतीला अर्थ होता. राजाने प्याला उचलल्यावर सरदारांना मान वळवता येईना. रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजने घडवली आणि १९३३ साली सर्व हिंदू जातींसाठी उपाहारगृह काढले. त्यांच्या राजकारणाशी आमचा उभा दावा आहे, आणि त्या उपाहारगृहाच्या नावातच त्याची मर्यादा लिहिलेली होती. तरीही तिथे जाऊन बसणाऱ्याला घरी परतल्यावर काही सोसावे लागत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘सहभोजन’ हा शब्द या सोसण्यातून घडलेला आहे. त्यात खाणारा काहीतरी गमावायला तयार असतो : भाऊबंदांचा आधार, मुलीचे ठरत आलेले लग्न, पंगतीतली जागा.

महोत्सवाच्या मैदानावर कोण काय गमावतो?

यावर आम्हाला ठरावीक उत्तर मिळते : तो काळ गेला, आता कोणी कोणाची जात विचारत नाही. कुपन जात विचारत नाही, हे आम्हीही मान्य करतो. जुन्या पंगतीपेक्षा ते निश्चितच बरे. पंगतीचे गोडवे गाणाऱ्यांनी पंगत कोणाची, कोणानंतर बसायची आणि उष्टी पत्रावळ कोणाच्या वाट्याला यायची, हे आठवून पाहावे. परंतु ‘तो काळ गेला’ हे मात्र खोटे आहे. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित शास्त्रज्ञ स्त्रीने आपल्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीने जात लपवली, अशी तक्रार पोलिसांत गुदरली. तक्रार पुढे मागे घेतली गेली, पण ती नोंदवावीशी वाटली आणि नोंदली गेली, हे विसरता येत नाही. डिसेंबर २०२१मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनासाठी दलित स्वयंपाकीण नेमली, तेव्हा सवर्ण मुलांनी तिच्या हातचे जेवण नाकारले. म्हणजे कोण कुठे बसून खातो याविषयी समाज पुष्कळ सैल झाला, आणि कोणी रांधले याविषयी तो अजून सावध आहे. आणि महोत्सव नेमका हाच प्रश्न कधी विचारत नाही. त्याला तो विचारण्याची गरजच पडत नाही, कारण उत्तर त्याने ठेले वाटतानाच देऊन टाकलेले असते.

ठेल्यांवरच्या पाट्या वाचाव्यात. मालवणी, कोल्हापुरी, वऱ्हाडी, खानदेशी ही प्रदेशांची नावे. सारस्वत, सीकेपी, पाठारे प्रभू, कोळी, आगरी ही जातींची. अन्नाला जात नसते असे सांगणाऱ्या मैदानात जातींच्या नावाने अन्न विकले जाते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. उलट ‘सीकेपी पद्धतीचे खिमा पॅटिस’ म्हटले की रांग लांबते. कोळी आणि आगरी समाजांनी ज्या शहरात आपल्या जमिनी आणि किनारे गमावले त्याच शहरात आपल्या नावाने चुली मांडाव्यात, वेसाव्याच्या कोळणींनी आपल्याच वाड्यात पाहुण्यांना बोलावून आपल्या भावाने मासळी खिलवावी, यात आम्हाला एक न्यायही दिसतो. पण ही यादी कुठे थांबते ते पाहावे. महार, मांग, चांभार, ढोर यांच्या घरांतल्या अन्नाची पाटी कोणी पाहिली आहे? मराठवाड्यातल्या ज्या घरांनी शतकानुशतके वजडी, रक्ती, उन्हात वाळवलेल्या चान्या यांवर दुष्काळ काढले, त्यांची पाककला ‘अस्सल महाराष्ट्रीय’ या सदरात का बसत नाही?

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाले. शीर्षकातल्या एका ‘अ’ने त्यांनी आपल्या साऱ्या पाकसाहित्याला प्रश्न विचारला आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’पासून कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पर्यंत जी मराठी पाकपुस्तके घराघरांत पोचली, त्यांतले ‘घर’ कोणाचे होते, हे पाटोळे वाचल्यावर लख्ख दिसते. योगायोग असा, की त्याच २०१५ साली महाराष्ट्रात गाईप्रमाणे बैल आणि वळू यांचीही कत्तल कायद्याने बंद झाली. जे अन्न गरिबीने पानात वाढले आणि जातीने हिणवले, ते पुस्तकात उतरले त्याच वर्षी ताटातून उचलले गेले. अशा अन्नाला महोत्सवात जागा द्यावी ही सूचना एखाद्या आयोजकापुढे मांडून पाहावी. तो म्हणेल, ‘लोकांना चालणार नाही.’ हे ‘लोक’ म्हणजे कोण, याचा उलगडा झाला की महोत्सवातल्या ‘आपण’चाही होतो.

मराठी साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून आपल्याला हे नवे वाटू नये. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) दलित आत्मकथनांनी अन्नाचा जो इतिहास लिहिला, तो भुकेचा आहे, वाट्याचा आहे आणि लाजेचाही आहे. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये शाळकरी मुलींनी मिळून स्वयंपाक केल्याचा एक प्रसंग येतो. तिला कशाला हात लावू दिला जात नाही. जेवायला मात्र सगळ्या एकत्र बसतात. ती आवडीने जेवते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या खाण्याचीच कुजबुज चालते. आम्ही हा प्रसंग वर्गात शिकवतो तेव्हा विद्यार्थी हळहळतात, ‘पूर्वी असे होते’ म्हणतात, आणि तास संपतो. त्या प्रसंगाचे मर्म असे, की तिथे सहभोजन झाले होते. पंगत एक होती. रांधण्याचा अधिकार तेवढा वाटला गेला नव्हता. आजच्या खाद्यमहोत्सवाची आणि या प्रसंगाची रचना तंतोतंत एक आहे. फरक पडलाच तर इतका, की आता कुजबुज होत नाही.

या मैदानांवर वापरल्या जाणाऱ्या विशेषणांकडेही भाषेच्या अभ्यासकांनी बघायला हवे. ‘घरगुती’ म्हणजे काय? ज्या पदार्थामागे एका बाईची पहाट तीनची उठणी आहेत, पण जिच्या श्रमाचा दर ठरलेला नाही, तो पदार्थ. हॉटेलच्या आचाऱ्याला पगार असतो. ‘घरगुती चव’ राखणारीला ‘हौस’ असते. आनंदमेळ्यात वड्या करून आणणाऱ्या बायकांना शेवटी व्यासपीठावर बोलावून गुलाबाचे फूल देतात, आणि त्यांनी घरून आणलेल्या तेल-साखरेचा खर्च जमेच्या बाजूला ‘देणगी’ म्हणून लागत नाही. ‘अस्सल’चे तर विचारूच नये. एकाच कंत्राटदाराचे ठेले डिसेंबरात मालवणी असतात, जानेवारीत कोल्हापुरी होतात आणि फेब्रुवारीत गावरान. रस्सा तोच, वाटण तेच, कापडी पाटी बदलते.

आमच्यावर येणारा सर्वांत रास्त आक्षेप असा : या मैदानांवर बचतगटांच्या बायकांना चार पैसे मिळतात, तेही तुम्हाला नको का? हवेत. शासनाच्या ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनात जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या बायका स्वतःच्या नावाने चूल मांडतात, गल्ला स्वतः सांभाळतात, तिथे आम्ही आनंदाने रांगेत उभे राहू. तो बाजार आहे आणि तो स्वतःला बाजार म्हणवतो. विक्रीला विक्री म्हटल्याने तिची काही अप्रतिष्ठा होत नाही. विक्री करायची आणि पावतीवर ‘एकोपा’ लिहायचा, यात मात्र फसवणूक आहे. अन्नाच्या नावाने उभ्या राहिलेल्या गोष्टी कशा पालटतात याचा अनुभव या राज्याला आहे. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर देण्यासाठी जी केंद्रे शहरांच्या मोक्याच्या पदपथांवर उभी राहिली, त्यांतल्या कितीकांचे पुढे वेगळेच ठेले झाले. योजना गेली आणि जागा राहिल्या. शहरात जागा हे खरे चलन असते, आणि खाद्यमहोत्सवांच्या मैदानांनाही हा नियम लागू आहे. दहा दिवस मुलांचे खेळणे बंद पडते, मैदानाला खड्डे पडतात, आणि पदपथावर बाराही महिने वडे तळणारी बाई मात्र त्याच दहा दिवसांत ‘अतिक्रमण’ म्हणून उठवली जाते.

मग निधी कसा जमवावा आणि एकत्र कसे जेवावे, असे कोणी विचारील. आपल्याकडे त्याची उत्तरे होऊन गेली आहेत. मुष्टिफंड हा शब्द आता विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागतो : घरोघरी रोजच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि ती गोळा करून एखादे वसतिगृह, एखादी शाळा चालवायची. पणजीत एका शिक्षणसंस्थेच्या नावातच तो शब्द शिल्लक आहे. मूठ देणारीला बदल्यात काहीच मिळत नसे, म्हणूनच त्या शाळेवर तिचा हक्क असे. आणि साताऱ्याला भाऊराव पाटलांनी १९२४ साली जे वसतिगृह सुरू केले, ज्याला पुढे १९२७ साली गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव दिले गेले, तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका चुलीवरचे जेवत. ती चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकले. इथे निधी आहे, अन्न आहे, वस्तीचा सहभाग आहे, आणि प्रत्येक गोष्टीला कोणीतरी स्वतःच्या गाठीचे काहीतरी लावलेले आहे. ‘वार लावून’ जेवणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थ्यांची व्यवस्थाही वस्तीनेच चालवली होती, पण ती एका जातीच्या आतली; साताऱ्याने ती भिंत पाडली. आज कोणाला सहभोजन हा शब्द पत्रकावर छापायचा असेल, तर त्याने या दोहोंपैकी कोणत्या परंपरेशी नाते सांगतो आहोत हे आधी ठरवावे.

हे सारे आम्ही इथे, साहित्यचर्चेच्या जागी का लिहितो, याचेही कारण सांगायला हवे. १४ ते २८ जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांच्या निमित्ताने महाविद्यालयांचे मराठी विभाग आता स्वतःच खाद्यमहोत्सव भरवू लागले आहेत. नऊवारी नेसलेल्या मुली, फेटे बांधलेली मुले, थालीपीठ, मोदक, पुरणपोळी, आणि फलकावर पुन्हा तेच : ‘अन्न हे पूर्णब्रह्म’. ज्या विभागात ‘बलुतं’ आणि ‘आयदान’ अभ्यासक्रमाला आहेत, त्याच विभागाच्या व्हरांड्यात मराठीपण म्हणजे मोदक, असे ठरून जाते. वर्गातल्या ज्या मुलीच्या घरी सणालाही मोदक होत नाहीत, ती त्या दिवशी कुपने फाडण्याच्या टेबलावर बसते किंवा घरीच राहते. तिच्या आईच्या हातचे काही त्या टेबलावर यावे, आणि ते नाव घेऊन यावे, असे तिला कोणी विचारलेले नसते. आणि विचारले तर ती काय आणील, याची आपल्याला धास्ती वाटते.

येत्या जानेवारीत विभागांच्या बैठका होतील, पदार्थांची यादी ठरेल. त्या बैठकीत दोन गोष्टींची नोंद इतिवृत्तात व्हावी एवढी मागणी आम्ही सहकाऱ्यांपुढे ठेवतो : कोणकोणत्या घरांतून रांधून येणार आहे, आणि जमलेले पैसे शेवटच्या रुपयापर्यंत कोणाला, कधी आणि कोणासमक्ष दिले जाणार आहेत. पहिल्या नोंदीला जे हरकत घेतील त्यांची नावेही इतिवृत्तात यावीत.